तिसऱ्या साक्षीची शपथ

वसईचे शेतकरी बस्त्याव, म्हणजे इनेजचे खापरपणजोबा. त्यांनी १८८७ साली केलेलं मृत्युपत्र कोर्टात कधी शाबीतच झालं नाही. तिसऱ्या साक्षीची शपथ अपुरी राहिली, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आता त्याच केळीच्या वाडीवर परक्यांनी हक्क सांगितला होता, आणि वाडीत इनेजची आई एकटी राहत होती.

चुलतभाऊ ॲरॉनने कोर्टाच्या जुन्या दप्तरातल्या पानांचे फोटो पाठवले. “ती शपथ पुरी झाली असती ना, तर काकीला कोणी हात लावला नसता,” तो म्हणाला.

दुबईत जुमेरा लेक टॉवर्सच्या एकतिसाव्या मजल्यावरचं ऑफिस जेवायला गेलं होतं. खाली तळं उन्हात पेंगत होतं. इनेज वाचू लागली.

कारकुनाने लिहिलं होतं, ‘तिसरी साक्षीदार बाई. गळ्यात फीत, फितीला स्वतःचीच तसबीर. कोठून आलीस विचारता म्हणाली, तळ्याच्या वर, एकतिसाव्या माळ्यावरून. कोर्टात हशा.’

इनेजची बोटं गळ्यातल्या आयडीवर गेली. केळीच्या ओल्या पानांचा वास येऊ लागला. एसीची घरघर कुठेतरी लांब राहिली.

‘बस्त्यावने हिच्यासमोर, शुद्धीवर असता अंगठा केला असे म्हणते. उजवा हात वर करून शपथ घेऊ लागली. अर्ध्यावर थांबली. म्हणाली, मला कोणी हाक मारतंय. वळून पाहिले. मागे भिंतच होती. त्यानंतर बाई कोणास दिसली नाही.’

“इनेज!”

ती वळली. दारात ऑफिसातला नीलेश उभा होता.

“यल्ला, जेवायला चल. आणि हात वर करून काय बसलीयेस?”