लच्छूचं अर्धं गाणं

"झालं? पुढं काऊन नाई वाजत?" गुणाबाईने विचारलं. मोहफुलं वेचणारा तिचा हात थांबला होता.

"इतकंच हाय, माय," दिव्यानी म्हणाली. मोबाइल तिने टोपलीच्या काठाला टेकवला होता. "लच्छूभाऊनं इतकंच रेकॉर्ड केलं, अन् आठ दिवसांनी..."

लच्छू गुणाबाईचा एकुलता एक. मोहर्लीचं हे पोरगं 'रानगवा' बँडचा गिटारवाला झालं, आणि राजुऱ्यापासून पोंभुर्ण्यापर्यंत पोरांनी केस वाढवले. त्या पोरांच्या आयांनी त्याला शिव्या घातल्या आणि वरातीत त्याच्याच गाण्यांवर नाचल्या. गेल्या पावसाळ्यात तो तापाने गेला. गुणाबाईला मात्र आणखी एक गोष्ट डाचत होती. त्याआधीची तीन वर्षं तो मोहाच्या दिवसांत घरी फिरकला नव्हता. रान विसरला, आईलाही विसरला, असं तिने धरून ठेवलं होतं. त्या रागात त्याचं एक गाणं ऐकलं नव्हतं. राग कसला, जीव तुटत होता बाईचा.

आणि आज बँडची गायिका दिव्यानी भल्या सकाळी रानात हजर. परवा चंद्रपुरात लच्छूच्या आठवणीचा कार्यक्रम, आणि गाण्याला शेवटच नाही. गिटार वर चढत जायची आणि तिथेच अडायची. मग बराच वेळ शांतता. सरतेशेवटी गिटार खाली ठेवल्याचा आवाज, टक. बँडवाल्यांनी सात शेवट लावून पाहिले, एकही बसेना.

"तुमच्यासमोर याचा शेवट कधी गुणगुणला का तो?" दिव्यानीने विचारलं.

"लाव पुन्हा."

सगळं रान गोड वासाने पेंगुळलं होतं. फुलं आपसूक गळत होती. त्यात पुन्हा गिटार चढली, आणि गुणाबाई ताडकन उभी राहिली.

"अवं माय! गाणं नाई पोरी हे. हाक हाय!"

वाघाच्या रानात मोह वेचताना माणसं पांगतात, झाडाआडचं माणूस दिसत नाही. म्हणून एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची. ओ ऐकू आली की हाक मारणाऱ्याने खोडावर एकदा काठी मारायची. म्हणजे ऐकलं, आता वेच निवांत. लहानगा लच्छू याच झाडाखालून आईला अशीच हाक मारायचा.

"सात शेवट लावले म्हने! हाक मारली त्यानं मले, अन् ओ देऊन राह्यले तुमी!"

दिव्यानीने न सांगता पुन्हा सुरुवातीपासून लावलं. गिटार चढली, अडली. शांतता झाली. गुणाबाईने तोंडाशी हात धरले आणि लांबलचक ओ दिली. ती झाडाझाडांतून फिरत गेली आणि हळूहळू विरली.

मोबाइलमध्ये टक वाजलं.

"ऐकलं पोरानं," गुणाबाई म्हणाली, आणि रडत रडत पुन्हा फुलं वेचू लागली.