धैवत उतरलाय

"धैवत उतरलाय," यज्ञेश्वर म्हणाले.

बकुळने धैवताच्या लाकडी पट्टीवर पुन्हा काडी मारली आणि फोन जवळ धरला. सूर मोजणारा काटा बरोबर मधोमध उभा होता. तिने तो सासऱ्यांना दाखवला नाही. मागे एकदा दाखवला होता, तर ते दोन दिवस जेवणाच्या वेळीसुद्धा तिच्याशी बोलले नव्हते.

मंचावर या हिंदीभाषक शहरातल्या मराठी मंडळाचे सत्कार चालले होते. विंगेत एकच दिवा होता. हारांची टोपली, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि दोन स्टुलांवर ठेवलेला काष्ठतरंग. शिसवाच्या त्या पट्ट्या यज्ञेश्वरांनी रेल्वे कारखान्यातून निवृत्त झाल्यावर स्वतः कापून, घासून सुरात आणल्या होत्या. भूपाची गतही त्यांनीच बांधलेली. हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी ती सुनेला शिकवायला घेतली. वर्षभर बकुळ रोज कामावरून आली की तेवढी एकच गत वाजवत होती. आजही ती दिवसभर लॅबमध्ये उभी राहून तशीच इकडे आली होती.

"दे इकडे. टोकांना थोडं घासतो, चढेल."

"मामंजी, आता राहू दे ना."

"बेसूर वाजवणार आहेस?"

साथीला बसणारे वामनराव तबल्याच्या गट्ट्यांवर हातोडी मारता मारता हसले. "भैया, माझा तबला उतरला तर ठोकून चढवता येतो. तुम्ही घासलेलं लाकूड परत कोण चिकटवणार?"

"तू ठोक तुझा तबला."

गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर यज्ञेश्वरांच्या डाव्या कानाला काही सूर खाली ऐकू येत. डॉक्टरांनी तसं समजावून सांगितलं होतं. त्यांना ते पटलं नव्हतं. म्हातारपणी माणसाला कमी ऐकू येईल, बेसूर कसं ऐकू येईल, असं त्यांचं म्हणणं. आणि पट्टी डाव्या हातात धरून डाव्याच कानाशी वाजवून बघायची त्यांची जुनी सवय होती.

"भाभीजी, बस दो सम्मान बाकी हैं, फिर आप ही का नंबर," मंडळाचा एक स्वयंसेवक डोकावून म्हणाला.

धैवताला दुसरी पट्टी नव्हती. तो बिघडला तर गत वाजणारच नव्हती. बकुळ खाली वाकली. भूपात मध्यम आणि निषाद लागत नाहीत, म्हणून ते चौकटीतून काढून तिने पिशवीत ठेवले होते. तिने पिशवीतून कानस काढली, मध्यम काढला आणि त्या दोन्ही वस्तू सासऱ्यांच्या हातात दिल्या.

त्यांनी पट्टी उलटी केली. अंगठा खालच्या खोलगट भागावरून एकदा पुढे नेला, मग मागे. कानस त्यांनी टेकवलीच नाही.

"हा मध्यम आहे."

वामनरावांची हातोडी थांबली.

"म्हातारा गप्प बसावा म्हणून दिलास?"

बकुळ इतकी दमली होती की खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. "हो," ती म्हणाली.

समोर टाळ्या वाजल्या. कुणाचा तरी सत्कार झाला.

"मागच्या महिन्यात मी गंधार घासला. तेव्हाही असंच काहीतरी दिलं होतंस?"

"नाही. तो गंधारच होता."

"मग?"

"चढला. फार चढला. नवा करावा लागला."

यज्ञेश्वरांनी चौकटीकडे पाहिलं. त्या उजेडात सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसत होत्या. महिनाभर त्यांनी रोज तो गंधार ऐकला होता.

"कुणी केला?"

"लाकूड बिजौलीच्या एका फर्निचरवाल्याकडून कापून आणलं. सुरात मी आणला."

"तू?"

"हो."

त्यांनी कानस बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारलं, "आधी कुठे घासलास?"

"टोकांना. जास्त झालं. मग खालून, मधोमध. मग तो उतरतच गेला. बऱ्याच पट्ट्या वाया गेल्या, मामंजी."

"जातात," ते म्हणाले.

तिचं नाव पुकारलं गेलं. मंडळाच्या दोन माणसांनी काष्ठतरंग उचलून मंचावर नेला. वामनराव तबला घेऊन मागून गेले. बकुळने पदर खोचला आणि वळून पाहिलं. सासरे मध्यम मांडीवर ठेवून बसले होते.

"जा," ते म्हणाले. "आलापात घाई करू नकोस."

तिने षड्ज वाजवला, मग रिषभ. पुढच्या रांगांमध्ये अजून सत्काराच्या नारळांचीच चर्चा चालली होती. ती गंधारावर आली. लाकडाचा सूर एका ठोक्यात विझतो. तो टिकवायचा तर दोन्ही काड्या त्याच एका पट्टीवर हलक्या हाताने आणि भरभर चालवत ठेवाव्या लागतात, आणि ठोके वेगळे ऐकू येता कामा नयेत. सबंध गत शिकताना तिला सर्वात उशिरा जमलं ते हेच. आज मनगटं आधीच भरून आली होती.

तिने विंगेत पाहिलं. यज्ञेश्वरांनी खुर्ची फिरवली होती. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, चांगला, उजवा कान मंचाकडे. आता त्यांना ती दिसत नव्हती.

पुढचा सूर घ्यायची वेळ झाली. बकुळने गंधार सोडला नाही. वामनराव तबल्यावर हात ठेवून थांबून राहिले.