पोच

"एकच शब्द हवाय, बाई," कर्नल टेबलावर बोट आपटत म्हणाले. "पोचतं की नाही पोचत? संध्याकाळी आमची वादसभा आहे. सगळा देश ऐकणार आहे."

दुभाषीबाईंनी चष्मा पुसला. समोर निवडणुकीचे दोन्ही उमेदवार बसले होते. एका खुर्चीत कर्नल, दुसऱ्या खुर्चीत मुलांच्या डॉक्टरीणबाई. दोघांचं कशावरच पटत नव्हतं. पण पलीकडच्या देशातून आलेल्या पत्रांचं शिक्क्यानिशी भाषांतर दोघांनाही हवं होतं.

"पोचतंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भूकंपात नदीपलीकडचा तो देश पार कोलमडला. नऊ वर्षं आपण त्यांच्या मुलांना दुधाची पावडर पाठवतोय. दर आठवड्याला त्यांची पोच येते. आणखी काय पुरावा हवा?"

"माणूस आला का एक तरी? आपल्या राजदूताशी तिथं कुणी चकार शब्द बोलत नाही. जवळून गेला की अंग चोरून बाजूला होतात. आणि वकिलातीच्या दारात रोज फुलं! दुधाच्या बदल्यात फुलं! मी निवडून आलो की दूध बंद, वकिलात बंद, टपालाची थैली बंद."

"दुःखात बुडालेला माणूस बोलत नाही, कर्नल. फुलंच ठेवतो."

'थैली बंद' हे शब्द ऐकले आणि बाईंचा हात नकळत पर्सवर गेला. दर मंगळवारी सरकारी थैली यायची, आणि तिच्यातूनच ताईचं पत्र यायचं. ताईला पलीकडेच दिलेली. भूकंपापासून पूल बंद होता. उरली होती ती ही थैली.

ताईचं पत्र वाचल्याशिवाय मंगळवारी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा बाईंचा नेम होता. तो जड मुळीच जात नसे. हल्ली तहान-भूक अशी लागतच नव्हती.

पत्र चार ओळींचंच असायचं. 'कशी आहेस' असं ताई कधी विचारायची नाही. लिहायची, 'तू सुखात असशील. खिडकीत तुझ्या नावाचा दिवा लावते.' थोरली ती थोरली, असं म्हणून बाई डोळे पुसायच्या.

"एका शब्दात अडलंय काय एवढं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"त्यांच्या भाषेत 'पोचलं' हे क्रियापद देणाऱ्याप्रमाणं चालतं," बाई हळू आवाजात समजावू लागल्या. "लहानानं दिलं तर शेवटी आखूड उकार. थोरानं दिलं तर लांब. बरोबरीच्यानं दिलं तर काहीच नाही."

"आणि घेणारा कोण ते?"

"घेणाऱ्याला क्रियापद विचारतच नाही."

"इथंही तेच चाललंय," कर्नल हसले. "मग आपल्याला लांब उकार येत असेल."

"नाही ना. भूकंपानंतर चौथंच रूप येतंय. शेवटी नुसता श्वास सोडल्यासारखा 'ह'. ते माझ्या भाषेच्या मास्तरांनी शिकवलंच नव्हतं. 'परीक्षेला येत नाही,' म्हणाले होते. मी ते देशाच्या मानाचं रूप धरलं."

"धरलं! ऐका! नऊ वर्षं परराष्ट्र धोरण बाईंनी धरल्यावर चाललंय. बोलवा त्या मास्तरांना."

मास्तर मागच्याच गल्लीत राहायचे. जन्म पलीकडचा, उभी हयात इकडे भाषा शिकवण्यात गेलेली. सरकारी पत्रं त्यांना आजवर कुणी दाखवली नव्हती. ते चार जिने चढून आले, पण त्यांना धाप लागली नव्हती. बाईंनी त्यांना खुर्ची दिली.

"भूकंपाचा दिवस आठवतो का गं?" बसता बसता त्यांनी विचारलं.

"आठवतो की, मास्तर. पलीकडं सगळं गेलं, आणि इकडं देवाची कृपा. माझ्या हातातला कपसुद्धा फुटला नाही."

"हो. माझाही नाही."

मास्तरांनी एक पत्र वाचलं. मग दुसरं. तिसरं उघडलंच नाही. घडी नीट करून खाली ठेवलं.

"हे मानाचं रूप नव्हे," ते म्हणाले. "हे गेलेल्यांचं रूप आहे. शाळेत शिकवत नाहीत. घरातलं कुणी गेलं की पोरं आपोआप शिकतात."

कर्नल खुर्ची मागे सारून उठले.

"घ्या! म्हणजे पलीकडं कुणी जिवंतच नाही! नऊ वर्षं भुतांना दूध पाजतोय आपण! आज सभेत हेच सांगतो."

"एकही मूल नाही?" डॉक्टरीणबाईंनी पत्रं स्वतःकडे ओढली. "एवढी पोती कुणी उतरवून घेतली मग? पत्रं कुणी लिहिली?"

बाईंनी पर्समधलं पत्र काढलं. ताईचं वळणदार अक्षर. पहिलीच ओळ, 'तुझं पत्र पोचलं.' आणि शेवटी तोच, सोडलेला श्वास.

"ताई गं," त्या पुटपुटल्या. डोळे भरून आले.

मग त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. बोट शब्दाच्या शेपटीवर ठेवलं आणि तिथेच थांबल्या. डोळ्यांतलं पाणी खाली उतरेना.

"आता तरी शिक्का मारा, बाई," कर्नल म्हणाले. "उशीर होतोय."

मास्तर बाईंकडेच बघत होते. वर्गात बघायचे तसे, शांतपणे.

"क्रियापद कुणाप्रमाणं चालतं, पोरी? यांना तू सांगतेस, की मी सांगू?"

"देणाऱ्याप्रमाणं," बाई म्हणाल्या. "आणि देणारे आपण."