रविवारचा मेल

आमच्या वृद्धाश्रमाचा ईमेल पत्ता एकच. सगळ्यांचे मेल त्यावरच येतात आणि नावं बघून ते ज्याचे त्याला वाचून दाखवायचं काम माझं.

मंगळवारी सात नंबरच्या खोलीतल्या आजी गेल्या. मुलगा आला, सगळं उरकून गुरुवारी परतलाही. रविवारी सकाळी नेहमीसारखा त्याचा मेल आला. ‘आई, तुझी फार आठवण येते. गुडघा कसा आहे? औषधं वेळेवर घे.’ बिचाऱ्याला अजून खरं वाटत नसेल, म्हणून मी त्याला फोन लावला.

“अरेच्चा, ते बंद करायचं राहिलंच!” तो म्हणाला. “ते आपोआप जातात हो. वर्षभराचे बावन्न मेल एका दिवसात लिहून टाकले होते.”

मला शिसारी आली. फोन कानापासून जरा लांबच धरला. दर रविवारी आजी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि तासभर उत्तर सांगायच्या. मी टाइप करून त्याला पाठवायचे.

“आणि त्यांची उत्तरं?” मी विचारलं.

“उत्तरं?” तो हसला. “आईला कुठे टाइप करता येत होतं?”