काठावरची आई

"आता पडद्याच्या सेटिंगमधी कोणते आकडे दिसून राहिले, बाबा?" राखीनं फोनवर विचारलं. दुसऱ्या हातानं ती डबे भरत होती.

"एकोणीसशे वीस गुणिले एक हजार ऐंशी."

"मग बरोबर आहे ना!"

"आकडे बरोबर आहेत, बेटा. फोटोचे काठ कापले जाऊन राहिले. मधात तुले पाह्यलं, का तुही आई जाते."

फोटो राखीच्या लग्नातला. पांढऱ्या साडीतली राखी आणि शेजारी अश्वजीत मधोमध, आणि तिची आई पार्वताबाई पार डाव्या टोकाला. पाहुण्यांना पुढे करता करता ही बाई प्रत्येक फोटोत कडेलाच उरायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून भैयालाल रोज सकाळी अधारतालच्या घरात कॉम्प्युटर लावत आणि तो फोटो पडदाभर उघडून बसत. मायलेकी एकत्र दिसल्या, की त्यांचा दिवस सुरू होई.

तक्रार सुरू झाली तेव्हा राखी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोरखपुरहून दोनदा धावत गेली. दोन्ही वेळा पडद्यावर सगळं जागच्या जागी. रिझोल्यूशन कमी-जास्त करून झालं, वायर काढून पुन्हा लावून झाली. बाबा नुसती मान हलवत राहिले.

बरं, नजर म्हणावी तर तेज. जन्मभर फॅक्टरीच्या तपासणी खात्यात काढलेला माणूस, सुताएवढा फरक नुसत्या डोळ्यांनी धरणारा. आजही पेपरातल्या बारीक जाहिराती घडाघडा वाचून दाखवायचे. त्यांना हातभर पडदा दिसू नये?

"कॉम्प्युटरले काहीच नाही झालं," ती अश्वजीतला म्हणाली. "बाबाले मी पाहिजे. सरळ म्हणत नाही."

तिला गलबलून आलं आणि थोडा रागही आला. नुसती हाक मारली असती तर आली नसती का? पण घर, नोकरी, पोराची परीक्षा. शेवटी तिनं फोनवरच त्यांना एक काम लावून दिलं.

"अच्छा, असं करा बाबा. नजर मधात, माह्या चेहऱ्यावर ठेवा. आन् जिथून फोटो कापला जाते, तिथं काचेवर आईची टिकली लावा. दोन्ही बाजूंनी. दर महिन्याले नवीन. कमी-जास्त झालं तर समजंल."

"हे बराबर," भैयालाल खूश झाले. मोजमाप म्हटलं की त्यांना हुरूप येई.

त्यानंतर पाच महिने तक्रार आली नाही. रमले बिचारे, असं राखीला वाटलं.

पार्वताबाईंच्या स्मृतिदिनाला ती कोथिंबिरीची सांबारवडी घेऊन अधारतालला पोचली. "जय भीम, बाबा," म्हणत पाया पडली. त्यांच्या खांद्यावर काळंनिळं दिसलं.

"हे काय झालं?"

"चौकट लागली. लाईट गेली होती."

आत जाताना ते स्टुलाला अडखळले. "कोनं ठेवलं हे इथं?" ते करवादले. घरात त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. एकटेपणानं माणूस कसा चिडचिडा होतो, राखीच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"बाबा, आता मी दर रविवारी येईन. बोलवायले कॉम्प्युटरचा बहाणा नका करू."

"बहाणा?" भैयालाल तिच्याकडे बघत राहिले. "मी काहून बहाणा करू? चल, तू सांगितलं तसं माप घेऊन ठेवलं आहे."

ते कॉम्प्युटरसमोर बसले. राखीनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या डाव्या हाताला बसली.

फोटो उघडला. अगदी लख्ख, काठापासून काठापर्यंत. आणि त्यावर आईच्या लाल टिकल्या. पहिल्या जोडीतली डावी टिकली आईला जेमतेम ओलांडून. दुसरी जोडी चार बोटं आत. तिसरी त्याहून आत. चौथी आणखी आत. पाचव्या जोडीच्या मध्ये फक्त राखीचा चेहरा उरला होता.

फॅक्टरीतल्यासारखं चोख माप.

राखीनं आवाज न करता हात उचलला आणि बाबांच्या कानाशेजारी हलवला. मग थोडा पुढे नेऊन हलवला. भैयालाल फोटोतल्या राखीकडे पाहून हसत होते.

जरा वेळानं त्यांचं हसू मावळलं.

"राखी," त्यांनी विचारलं, "गेली का तू?"