आल्बीची जर्सी

आमचा आल्बी मेलबर्नमध्ये क्लबकडून फुटबॉलचे तीनच सामने खेळला, आईने विणलेली जर्सी घालून. तिसऱ्यात गोल हुकला, तेव्हा प्रेक्षक ओरडले, "धडधाकट आहेस, लढाईवर जा की!" मध्यंतरात क्लबचे सेक्रेटरी पर्ड्यूसाहेब त्याला दंडाला धरून भरतीच्या सार्जंटकडे घेऊन गेले. "तुझी जागा राखून ठेवतो, पोरा," म्हणाले. आल्बी तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेल्याचे सांगायला पाद्री आले, त्याच आठवड्यात पर्ड्यूसाहेबही आले. माझ्या बायकोला म्हणाले, "वाईट झालं, बाई. पण शनिवारी माझा मुलगा विली आल्बीच्या जागी खेळतोय. लोकर कुठंच मिळत नाही. ती जर्सी दिलीत तर..." हिने जर्सी आणली, मांडीवर घेतली, काखेतला टाका दातांनी तोडला आणि सरळ उसवायला लागली. "अहो, हे काय?" ते दचकले. "सैनिकांसाठी मोजे विणते," ही म्हणाली. "तुमच्या विलीच्या पायाचं माप सांगा."