उकळून गार केलेलं पाणी

टाकीत सात बेडूक होते, चार माद्या आणि तीन नर, सगळे जिवंत. तरीही त्यांच्या पाठीवरून पुसून घेतलेला चिकट द्राव रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या मुग्धाने जंतू वाढवलेल्या बशीत टाकला, तेव्हा एकही जंतू मेला नाही.

जुन्या गोळ्या-इंजेक्शनांना जंतू आता जुमानत नव्हते. बेडकांच्या कातडीतला द्रावच तेवढा लागू पडायचा. म्हणून रुग्णालय प्रत्येक पेशंटच्या घरच्यांकडे एक टाकी सांभाळायला द्यायचं. पलीकडच्या खोलीत बाळंतीण अश्विनी तापाने फणफणली होती. तिची टाकी तिची आई, इंदूताई, सांभाळत होती.

"मावशी, यांना पाणी कुठलं घालत होता?"

"उकळून गार केलेलं, वर तुरटी फिरवून. बाळंतिणीला देतात तसं. डबक्यातलं कसं घालू गं? माझ्या लेकीचं औषध ते."

मुग्धा स्टुलावर बसली. "जंतूच नसले तर बेडूक औषध कशाला बनवतील, मावशी?"

इंदूताई बादली घेऊन मागच्या डबक्यावर गेल्या आणि हाताने गाळ भरून आणून टाकीत ओतला.

"आता कधी बनवतील?"

"दोन-तीन दिवस लागतात."

"आणि अश्विनीचं?"

"डॉक्टर म्हणतात, उद्या संध्याकाळपर्यंत औषध मिळायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुग्धाने नवी बशी उजेडात धरली. द्रावाच्या थेंबाभोवती जंतू मेलेलं वर्तुळ निदान दहा मिलिमीटर असेल, तरच तो अश्विनीला उपयोगी होता. इंदूताई शेजारी उभ्या होत्या. नखांतला गाळ अजून तसाच होता. मुग्धाने पट्टी लावली.

चार मिलिमीटर.